हाड मोडले तर आधी बोटे बघा

विहारात कायगतासतीबद्दल आपण ऐकले असेल. शरीराच्या बत्तीस भागांच्या त्या यादीत हाड आणि हाडातली मज्जा असे दोन भाग वेगळे मोजले आहेत. आजचे शरीरशास्त्रही तेच सांगते. बाहेर टणक कवच आणि आत मज्जा. आपले रक्त तयार होते ते या मज्जेत. म्हणजे हाड हे वाळलेले लाकूड नाही, ते जिवंत आहे.

मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडे असतात. त्यातली १०६ फक्त हातांच्या आणि पायांच्या पंजांत आहेत. तान्ह्या बाळात संख्या याहून जास्त असते, वाढताना काही हाडे एकमेकांत जुळतात. लहान मुलांची हाडे लवचीक, म्हणून ओल्या फांदीसारखी कधी अर्धीच मोडतात आणि बाहेरून नुसती सूज दिसते.

मोडलेले हाड स्वतःच जुळते. मोडल्या जागी रक्त गोठते, त्याची मऊ गाठ होते, मग त्यात कॅल्शियम भरून ती टणक बनते. मोठ्यांच्या हाताला दीड-दोन महिने, नडगीला तीन-चार महिने लागतात. मालिशवाल्याकडे बरे झालेले लोक वस्तीत दाखवता येतात ते यामुळेच. हाड आपले आपण जुळलेले असते, श्रेय मात्र त्याला मिळते. वाकडे जुळलेल्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही.

खरा धोका मात्र वाकडेपणाहून मोठा आहे. मूल पडते, कोपराजवळ हाड मोडते. कोणीतरी तेल चोळून बांबूच्या कामट्या आवळून बांधतो. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढतच असते, पण बांधलेली पट्टी सैल होत नाही. आतल्या स्नायूंचे रक्त अडते. रक्ताविना साधारण सहा तासांत स्नायू मरू लागतात. पुढे ते आखडतात, बोटे पंज्यासारखी वळतात आणि हात जन्मभर तसाच राहतो. कधी बोटे काळी पडून हातच कापावा लागतो. जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फोल्कमान यांनी आखडलेल्या हाताचे हे कारण १८८१ मध्येच लिहून ठेवले होते. तरी आजही ही चूक होते. ज्या घरात हातावरच पोट आहे, तिथे एक हात जाणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको.

म्हणून पडल्यावर लगेच बांगड्या, अंगठी, मनगटाचा दोरा काढा. सूज आल्यावर ते निघत नाहीत. चोळू नका, ओढू नका. जाड पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राची घडी खाली धरून ओढणीने सैलसर बांधा, बोटे उघडी ठेवा. काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. हाड कातडीबाहेर आले असेल तर आत ढकलू नका, स्वच्छ कापडाने झाका. परांचीवरून पडलेल्या माणसाला हातपाय धरून उचलू नका. मणका मोडला असेल तर त्याने पाय कायमचे जाऊ शकतात. १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत आहे.

दवाखान्यातले प्लास्टरही घट्ट होऊ शकते. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत असेल, बोटे गार, निळसर किंवा बधिर झाली असतील, दुसऱ्याने बोट सरळ केले की मूल किंचाळत असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच रात्री जा आणि प्लास्टर फोडून घ्या. घरी कामट्या बांधल्या असतील तर जाण्याआधीच सोडा.

हाड जुळत असताना नाचणी, तीळ, काट्यासकट खाल्लेली सुकट आणि रोज थोडे ऊन यांचा उपयोग होतो. पायाचे सूप चवीला छान, पण कॅल्शियम त्यात फारसे नसते. मिश्री आणि तंबाखू मात्र बंद ठेवा, त्याने हाड जुळायला उशीर लागतो.

म्हातारी माणसे मोरीत घसरतात. पाय आखूड दिसला, पाऊल बाहेर वळले, तर खुब्याजवळचे हाड मोडले असे समजा. ‘आता वय झाले, ऑपरेशन कशाला’ म्हणून आजीला खाटेवर ठेवू नका. पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, आणि माणूस जातो तो त्यानेच. ऑपरेशनने ती काही दिवसांत उठून बसू शकते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या अनेक शस्त्रक्रिया आहेत; रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.