देवापुढची वात आणि खिशातली वात

गेल्या दिवाळीस आमचा पुतण्या विलायतेहून वरवट बकाल येथे आला. मुलगा सुशिक्षित, विनयशील; घरातील वडील मंडळींस वाकून नमस्कार करणारा. परंतु ह्या खेपेस त्याचे चित्त ठिकाणावर नव्हते. जेवण झाले की तो परसात जाऊन उभा राही, खिसा चाचपी आणि रिकाम्या हाताने परत येई. तिसऱ्या दिवशी क्षुल्लक कारणावरून तो आपल्या चुलतबहिणीवर खेकसला. चौथ्या दिवशी आम्ही त्यास ओसरीवर बसवून सरळच विचारले.

तो म्हणाला, "काका, सिगारेट मी दोन वर्षांपूर्वी सोडली. तिच्या जागी वाफ ओढण्याचे यंत्र धरले. ते इकडे आणणे गुन्हा आहे, म्हणून लंडनलाच ठेवून आलो. आता हात रिकामा वाटतो."

हे त्याचे शेवटचे वाक्य ऐकताना आमचा स्वतःचा हात सदऱ्याच्या खिशातील तपकिरीच्या डबीवर होता. तो आम्ही हळूच बाहेर काढला, उपदेशही गिळला. त्याऐवजी पाटी आणविली आणि म्हटले, "यंत्र काढून दाखव."

त्याने काढलेल्या आकृतीवरून जे समजले ते असे. मुळाशी विजेची एक घटमाला; लिथियमची, बहुधा १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब. तिच्यावर एक लहानशी थाळी. थाळीवर दोन खांब, आणि त्यांत लोह, क्रोमियम व ॲल्युमिनियम ह्यांच्या मिश्रधातूच्या तारेचे वेटोळे ताणून बसविलेले. वेटोळ्यातून कापसाची वात ओवावयाची. त्या वातीवर ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सुगंधी द्रव्ये व निकोटीन ह्यांच्या मिश्रणाचे काही थेंब हाताने सोडावयाचे, वर टोपण घालावयाचे, कळ दाबावयाची. तार तापते, वातीतील द्रव उडतो व त्याचे सूक्ष्म तुषार बनून तोंडावाटे छातीत जातात. लोक ह्यास धूर म्हणतात, पण तो धूर नव्हे. येथे काही जळत नाही, निदान जळू नये अशी अपेक्षा असते. इतर यंत्रांत द्रवाची कुपी असते व ती आपोआप पाझरते. ह्या प्रकारात मात्र थोड्या झुरक्यांनंतर पुन्हा थेंब सोडावे लागतात. म्हणून ह्यास ठिबकणारा ॲटोमायझर म्हणतात.

आमच्या सौभाग्यवती शेजारीच फुलवाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे वातच की! कापूस घट्ट पिळला तर तेल चढत नाही, सैल सोडला तर लोळतो." पुतण्या चकित झाला; नेमकी हीच विद्या त्यास शिकण्यास महिना लागला होता. वात घट्ट बसली तर द्रव मध्यभागी पोचत नाही आणि कोरडा कापूस करपतो. फार तापलेल्या ग्लिसरिनापासून ॲक्रोलीन निघते. कढईतील तेल जळाल्यावर डोळ्यांस झोंबते ते हेच. त्याच्या जोडीस फॉर्माल्डिहाइडही येते. अशा कोरड्या झुरक्याने घसा सोलवटतो.

पुढे निगेचे प्रकरण निघाले. गोड द्रवातील साखरेसारखी द्रव्ये तारेवर काजळीप्रमाणे साचतात. म्हणून वात वारंवार पालटावी, वेटोळे घासून स्वच्छ करावे, थाळी कोमट पाण्याने धुवून वाळवावी, खांबांचे स्क्रू आवळावे. त्याच वेळी आमच्या परिचयाचे एक संत्राबागाईतदार ओसरीवर आले होते. 'ठिबक' हा शब्द कानी पडताच ते म्हणाले, "मास्तर, आमच्या बागेतल्या ठिबकचं बी असंच हाय. खाऱ्या पान्यानं तोंडं बुजतात, धुवाच लागते." सर्वजण हसले, पुतण्या हसला तो आल्यापासून प्रथमच.

आम्ही शाळेत संस्कृत शिकवीत असू. परंतु विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले की ओहमचा नियम आमच्याच गळ्यात पडे. तो येथे उपयोगी पडला. पूर्ण भरलेल्या घटाचा दाब ४.२ व्होल्ट. वेटोळ्याचा रोध अर्धा ओहम असेल तर प्रवाह ८.४ अँपिअर व शक्ती सुमारे ३५ वॅट. हौशी लोक अधिक वाफेच्या लोभाने रोध ०.१ ओहमवर आणतात. तेव्हा हिशेबाने प्रवाह ४२ अँपिअर होतो. एवढा भार अशा घटास सहसा झेपत नाही. तो तापतो, फुगतो, प्रसंगी पेट घेतो. घटावरील वेष्टन फाटले असता किंवा तो खिशात किल्ल्यांबरोबर ठेवला असता हाच प्रकार घडतो. विजेऱ्या आणि इतर यंत्रांतही असेच घट असतात, तेव्हा एवढी सूचना प्रत्येक घरी उपयोगाची आहे.

आता वाचक विचारतील की, धूमपान आपल्या शास्त्रांतही आहेच ना? आहे, आणि म्हणूनच तुलना करावीशी वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात धूमपानाचा विधी दिला आहे. चंदन, वाळा, वेलदोडा, ज्येष्ठमध, जटामांसी, गुग्गुळ इत्यादी द्रव्ये वाटून बोरूवर लेप द्यावा, आठ अंगुळे लांब वर्ती वाळवावी, बोरू काढून घ्यावा आणि ती नळीस जोडून ओढावी. तंबाखूचा त्यात मागमूस नाही. विरेचनासाठी नळी ओढणाराच्या स्वतःच्या अंगुळांनी चोवीस, स्नेहनासाठी बत्तीस आणि नित्य प्रयोगासाठी छत्तीस अंगुळे असावी. कारण असे की, लांबून येणारा धूर पेऱ्यापेऱ्यांत अडत विरळ होतो व इंद्रियांस पीडा देत नाही. धूर तोंडानेच सोडावा, नाकाने सोडल्यास डोळ्यांस अपाय होतो, असेही सांगितले आहे. ह्या धुराने आज रोग बरे होतात असा आमचा दावा नाही. सांगावयाचे एवढेच की, काळ, मात्रा, नळीची लांबी आणि निषिद्ध माणसे इतके सर्व बांधून दिल्याखेरीज आचार्यांनी नळी कोणाच्या हाती दिली नाही.

तंबाखू आली ती पुष्कळ नंतर, पोर्तुगीजांच्या जहाजांतून. अकबराच्या दरबारी ती विजापुराहून असदबेगाने नेली, आणि पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तिच्यावर बंदी घातली. ती बंदी किती टिकली हे गावोगावच्या पानपट्ट्या सांगतातच. येथे कोणी शेगावच्या गजानन महाराजांच्या चिलमीचा दाखला देतात. ज्यास अन्नवस्त्राचीही आसक्ती नव्हती अशा विरक्ताचे उदाहरण संसारी माणसाने आपल्या व्यसनाची ढाल म्हणून पुढे करू नये, एवढेच त्यांस आमचे उत्तर.

विजेच्या सिगारेटीचा जन्म मात्र एका दुःखातून झाला. होन लिक नावाचे चिनी औषधशास्त्रज्ञ स्वतः धूम्रपानाच्या आहारी गेलेले होते; त्यांचे वडीलही धूम्रपान करीत व फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले. २००३ च्या सुमारास होन लिक ह्यांनी आजच्या स्वरूपाचे यंत्र सिद्ध केले. त्यावर जगात एकमत नाही. इंग्लंडातील सरकारी आरोग्यसेवा प्रौढ धूम्रपींस सिगारेट सोडण्याचे साधन म्हणून ते चालू देते, आणि त्याने अनेकांची सिगारेट सुटते असा वैद्यकीय पुरावाही आहे. परंतु तेथेही द्रवात मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमहून अधिक निकोटीन चालत नाही, आणि एकदाच वापरून फेकावयाच्या यंत्रांची विक्री १ जून २०२५ पासून बंद आहे. उलट अमेरिकेत २०१९ मध्ये अशा यंत्रांतून गांजाच्या अर्काचे भेसळयुक्त द्रव ओढून पुष्कळांची फुप्फुसे बिघडली. फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ मृत्यूंची नोंद झाली, आणि ई-जीवनसत्त्वाचा ॲसिटेट हा त्यातील प्रमुख संशयित ठरला.

आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला व त्याच वर्षी संसदेने कायदा केला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात ह्या सर्वांस बंदी आहे. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साठा करणाऱ्यासही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. परदेशांतून मुले घरी येतात त्यांच्या वडील मंडळींनी हे आधीच कळवून ठेवणे बरे.

हे सर्व ऐकून आम्ही पुतण्यास विचारले, "सिगारेट वाईट, हे तुला पटले. मग ही वाफ का सुटत नाही?" त्याने दिलेले उत्तर ह्या लेखाचे सार आहे. तो म्हणाला, "काका, सिगारेट संपते. चार बोटांची कांडी जळाली की थांबावे लागते. ह्याला शेवटच नाही. थेंब मी सोडायचा, वात मी करायची, तार मी वळायची. रविवारची सकाळ त्यातच जाते. पूर्वी मी नुसता ओढत होतो. आता त्याची सेवा करतो."

सौभाग्यवतींचा हात वातीवर थांबला. त्या म्हणाल्या, "देवापुढची वात तेल संपले की शांत होते. पुन्हा लावायची ती दुसऱ्या दिवशी."

आमच्या डबीलाही शेवट नाही, हे आम्हांस त्या क्षणी उमगले. चाळीस वर्षे आम्ही ती पुशीत, भरीत व खिशात ठेवीत आलो. तपकीर ही तंबाखूच. तीत तेच निकोटीन, आणि तीही कर्करोगास कारण होते हे सिद्ध आहे. वर्गातील मुलांच्या वह्यांवर पडलेले तपकिरी डाग आम्हांस आठवले, आणि मागील बाकावर विडी सापडल्यामुळे आमच्याकडून छड्या खाल्लेला एक विद्यार्थीही.

मग चुलत्या-पुतण्यांचा करार झाला. त्याच्या मुक्कामाचे दिवस तो वाफेवाचून काढीतच होता. आम्ही डबीवाचून काढावयाचे. वैद्यकीय अनुभव असा की, पहिले तीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड, डोकेदुखी, निद्रानाश होतो, आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारने १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी ठेवला आहे. पुतण्याने त्यावर आमच्यादेखत बोलणे केले. नंतर दार लोटून आम्हीही केले. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनचा चघळण्याचा गम घेता येतो, हेही तेथेच कळले.

करार अखंड पाळला असे लिहिले तर ते असत्य होईल. नवव्या दिवशी आम्ही एका जुन्या स्नेह्याकडे बसलो असता चिमूटभर तपकीर घेतली, आणि घरी येऊन पुतण्यास तसे सांगितले. तो हसला नाही. "काका, उद्यापासून पुन्हा पहिला दिवस धरू," एवढेच म्हणाला.

त्यास शेगावच्या स्थानकावर पोचविण्यास आम्ही गेलो होतो. गाडी सुटण्यापूर्वी त्याने सांगितले की, लंडनला पोचताच यंत्र, तार व घट तो टाकाऊ विद्युत्साहित्याच्या केंद्रात देईल. दिले असे त्याचे पत्र आले आहे. त्यानंतर एकदा मित्राचे यंत्र ओढल्याची कबुलीही त्याच पत्रात आहे. आमची डबी सध्या सौभाग्यवतींच्या ताब्यात आहे. तिच्यात त्या फुलवाती ठेवतात.