माझगावची जीप आणि विजेची शर्यत

1949 साली महिंद्रांनी मुंबईच्या माझगावात विलिस जीप जोडायला घेतली. सुटे भाग अमेरिकेहून यायचे, गाडी इथे उभी राहायची. तेव्हा अर्थातच पेट्रोलवर. त्याच महिंद्रांचा संघ 2014 पासून विजेवरच्या फॉर्म्युला ई शर्यतीत धावतो. जून 2017 मध्ये बर्लिनला त्याने पहिली शर्यत जिंकली. पण ती पक्क्या जमिनीवरची.

जीपचं खरं माहेर म्हणजे चिखल-वाळू. तिथे विजेच्या गाड्या आणल्या 2021 साली सुरू झालेल्या एक्स्ट्रीम ई मालिकेने. पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोर काढायला आधी फेरे वाढवावे लागतात. विजेची मोटर मात्र थांबल्या जागेवरूनच जवळपास सगळा जोर चाकाला देते. चढावर ही चैन, पण भुसभुशीत वाळूत पाय जरा जास्त दाबला की चाक जागीच गरगरून स्वतःसाठी खड्डा खणतं. शक्तीपेक्षा पायाचा अंदाज मोठा, तो इथे.

म्हणूनच मला एक्स्ट्रीम ई मालिकेचा नियम आवडायचा: प्रत्येक संघात एक पुरुष, एक स्त्री असे, आणि गाडी दोघांनीही चालवायची असे. ब्रिटनच्या वेलोचे संघाकडून 2021 मध्ये शर्यतपटू जेमी चॅडविक यात उतरली. त्याच वर्षी तिने याच संघातून फक्त महिलांची डब्ल्यू सिरीजही जिंकली. तिथे सगळ्यांना एकसारखीच गाडी असायची, त्यामुळे महागड्या यंत्राची सबब नव्हती. आपल्याकडे ती त्याआधीच येऊन गेली होती: 2019 च्या फेब्रुवारीत चेन्नईला एमआरएफ चॅलेंज या शर्यतमालिकेचं विजेतेपद तिने पटकावलं, तेही पुरुषांबरोबर धावून.