साचा किती खणांचा घ्यावा?

रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या घरी ओतायच्या तर साच्याला खण किती असावेत, या एका प्रश्नावर दोन पोक्त अमेरिकन माणसं कॉफी गार होईपर्यंत भांडताना मी पाहिली आहेत. एक निवृत्त टर्नर, दुसरा शाळामास्तर. टर्नरचं गॅरेज माझ्या मुलीच्या घराशेजारी, विस्कॉन्सिनमध्ये. माझी उभी हयात कोल्हापूरला शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत गेलेली, त्यामुळे ओतकाम म्हटलं की माझे कान टवकारतात. मुलीकडे गेलो की नातवंडांनंतर माझा मुक्काम त्या गॅरेजात असतो, आणि मुलगी त्याबद्दल बोलून बोलून थकली आहे.

पूर्वपीठिका उरकून घेतो. जॉन बार्लोने १८८४ साली कनेक्टिकटमध्ये आयडियल कंपनी काढली, १९२५ मध्ये ती लायमनने घेतली, आणि लायमनचे लोखंडी साचे घरोघर गेले. पुढे विस्कॉन्सिनमधल्याच हार्टफर्डच्या ली कंपनीने अ‍ॅल्युमिनियमचे स्वस्त साचे आणले. हेन्स्ली अँड गिब्जचे दहा खणांचे साचे आता जुन्या बाजारात मिळाले तर मिळाले. इथे गोळी म्हणजे काडतुसाच्या पुढचा शिशाचा भाग तेवढाच. अमेरिकेत हा उघड छंद आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा हौसेने वाचा, करून पाहू नका.

खण मोजण्याआधी गोळीचा आकार ठरवावा लागतो, आणि इथे एल्मर कीथला ओलांडून पुढे जाता येत नाही. आयडाहोमधल्या सॅमन गावचा हा पशुपालक आणि शिकारी. डोक्यावर भली मोठी हॅट, तोंडात चिरूट आणि कुणाचंही मत न ऐकण्याची ख्याती. त्याने ४४ स्पेशल या काडतुसासाठी जी गोळी आखली तिचा लायमनचा क्रमांक ४२९४२१. पहिले तीन आकडे व्यासाचे, म्हणजे ०.४२९ इंच, पुढचे तीन आराखड्याचे. सपाट नाक, समान रुंदीचे तीन पट्टे, वंगणासाठी चौकोनी खोल खाच आणि बूड साफ सपाट. काडतुसात जास्त दारू भरण्याच्या त्याच्या प्रयोगांतूनच १९५५-५६ च्या सुमारास ४४ मॅग्नम आलं. ‘डर्टी हॅरी’मध्ये क्लिंट ईस्टवूड मिरवतो तेच.

लायमनने पुढे त्या चौकोनी खाचेच्या कडा गोल केल्या आणि कीथ खवळला. त्याच्या मते खाचेत वंगण कमी मावायला लागलं. मी फाउंड्रीवाला असल्यामुळे मला कंपनीचीही बाजू कळते. चौकोनी कडेची गोळी साच्याला धरून बसते, गोल कडेची टपकन पडते. दोन खणांच्या साच्यात एखादी गोळी अडकली तर हँडलच्या सांध्यावर लाकडाने टिचकी मारायची, काम भागतं. सहा खणांत एक अडकली की बाकीचे पाच खण रिकामे उघडे राहून थंड पडतात आणि पुढच्या ओतीत सुरकुतलेल्या गोळ्या निघतात. म्हणून जास्त खणांच्या साच्यासाठी आराखडा निवडताना मी आधी विचारतो, गोळी सुटते कशी?

रिव्हॉल्व्हरची स्वतःची आणखी एक अट आहे. एक बार उडाला की धक्क्याने चक्रातल्या बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकू पाहतात. एखादी चक्राबाहेर डोकावली की चक्र फिरायचं थांबतं. काडतुसाचं तोंड ज्या खाचेत दुमडून गोळी धरून ठेवायची, ती खाच गोळीवर हवीच. पिस्तुलासाठी आखलेल्या पुष्कळ गोळ्यांना ती नसते, आणि नवशिके नेमके स्वस्त मिळाला म्हणून तसला साचा घेऊन येतात. मापाचंही तसंच. ३८ स्पेशल किंवा ३५७ मॅग्नमला गोळी साधारण ०.३५८ इंचाची लागते. तीही आपल्या चक्राच्या तोंडाचं माप घेऊन ठरवायची. छापील तक्त्यावर विसंबायचं नाही. गोळी सैल बसली की गरम वायू बाजूने निसटतो आणि नळीत शिसं चिकटत जातं, ते खरवडून काढण्यात रविवार जातो.

आता खणांचा हिशेब. १५८ ग्रेनची गोळी म्हणजे सव्वादहा ग्रॅम. सहा खणांच्या एका ओतीला एकसष्ट ग्रॅम रस लागतो, खणांवर साचणारा जादा रस वेगळा. शिसं वितळवायची दहा पौंडांची कुंडी म्हणजे साडेचार किलो. चौऱ्याहत्तर ओतींत तळ दिसतो. मध्येच शिशाची थंड वीट टाकावी तर रसाची आच उतरते आणि हात आखडून बसावं लागतं. सहा खण घ्यायचे तर कुंडी वीस पौंडांची आणि खालून तोटी असलेली हवी. पळीने सहा खण भरेपर्यंत पहिला गोठलेला असतो. साच्याच्या किमतीत ही कुंडी धरली की स्वस्त सौदा स्वस्त राहत नाही.

धातू कोणता, यावर तर त्या टर्नर-मास्तरांचं कधीच जमलं नाही. लोखंड ऊब धरून ठेवतं, पिढ्यान् पिढ्या टिकतं. पण दमट हवेत गंजतं आणि चार खणांचं लोखंड तासभर तोलणं म्हणजे व्यायाम. अ‍ॅल्युमिनियम हलकं, पटकन तापतं आणि पटकन निवतंही, म्हणून हाताचा वेग एकसारखा ठेवावा लागतो. ते मऊ असल्याने साच्यावर फिरणारी वरची पट्टी घासून पृष्ठभागावर ओरखडे येतात. गरम साच्यावर वंगणाचं अगदी पुसटसं बोट फिरवावं लागतं, थेंब खणात गेला की गोळ्या बिघडल्याच. पितळ देखणं आणि महाग.

मला सगळ्यात जास्त भुरळ पडते ती वरच्या पट्टीची, तिकडे तिला स्प्रू प्लेट म्हणतात. तिच्या भोकांतून रस आत जातो आणि वर एक छोटं तळं साचतं. आमच्या भाषेत तो रायझर. शिसं गोठताना आकसतं, आणि खालची तूट हे तळं भरून काढतं. तळं लहान ठेवलं की गोळीच्या बुडाला खड्डा पडतो. नळीतून बाहेर पडताना बुडाशी वायू सगळीकडून सारखा सुटला तरच गोळी सरळ जाते, म्हणून नाकावरचा डाग चालतो, बुडावरचा नाही. ओतल्यावर त्या तळ्याकडे बघत राहायचं. आधी आरशासारखं लखलखतं, मग एका क्षणात त्यावर धूसर साय धरते. त्यानंतरही दोन-चार सेकंद थांबून पट्टी फिरवायची. घाई केली तर शिसं फरफटतं आणि बूड फाटतं. दोन खणांना पट्टीवर लाकडाचा एक ठोका पुरतो. सहा बुडं एकदम कापायला जोर लागतो, म्हणून लीच्या सहा खणी साच्याला त्यासाठी वेगळा दांडा दिलेला असतो.

मिश्रधातूचंही थोडं सांगतो. शिशात कथील घातलं की रस कोपऱ्यांत नीट भरतो, अँटिमनीने कडकपणा येतो. लायमनचं क्रमांक दोनचं मिश्रण म्हणजे नव्वद टक्के शिसं आणि बाकी दोन्ही पाच-पाच टक्के. लायनोटाइपच्या छपाईच्या धातूत हेच तीन जिन्नस असतात, आपल्या छापखान्यांतल्या खिळ्यांतही तेच. गडहिंग्लजला आमच्या काकांचा छापखाना होता. झिजलेले खिळे पुन्हा वितळवायला जायचे तेव्हा पोत्याचं वजन मी उचलून पाहिलंय. अमेरिकेत छापखाने ऑफसेटवर गेले तेव्हा तो धातू गोळ्या ओतणाऱ्यांनी उचलला. मोटारीच्या चाकांना तोल साधण्यासाठी लावतात ती शिशाची वजनं हा त्यांचा दुसरा झरा. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांनी तो बंद केला. जस्ताची वजनं मिसळली तर रस बिघडतो. जस्त ४१९ अंशांना वितळतं, म्हणून जुनी वजनं त्याखालच्या आचेवर गाळून जस्त वरच्या वर काढतात.

बाकी नियम कडक आहेत. कुंडीत पाण्याचा थेंब पडला तर वाफेच्या स्फोटाने वितळलेलं शिसं अंगावर येतं. मळीची धूळ विषारी, म्हणून काम खेळत्या हवेत, आणि हात धुतल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. टर्नर या बाबतीत इतका काटेकोर की माझ्या हातातली कॉफीसुद्धा त्याने बाहेर ठेवायला लावली. ती भांडणाची कॉफी गार झाली ती अंगणात.

तर निवड. नाकात खड्डा असलेली गोळी हवी असेल तर प्रत्येक खणाला वेगळी खुंटी असते, तिथे दोन खण पुरेत. महिन्याला पाचपन्नास गोळ्या झाडणाऱ्यालाही दोनच. आठवड्याला क्लबात जाणाऱ्याने, वीस पौंडांची कुंडी असेल तर, सहा खणांचा अ‍ॅल्युमिनियमचा साचा घ्यावा. गोळी सपाट बुडाची, काडतूस दुमडायची खाच असलेली. लोखंडाचा हट्टच असेल तर चार खणांवर थांबावं. दहा खणांचा जुना साचा कुणी विकायला काढलाच, तर आधी सगळ्या खणांतल्या गोळ्यांचा व्यास मायक्रोमीटरने मोजून घ्यावा आणि मगच खिशात हात घालावा.