भर मे महिन्यात उणे ४०

मे महिन्यातलं नागपूर. बाहेर ४५ अंश. गाडीचा एसी थंड हवा देत नाही आणि डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान झळकतंय: उणे ४०. पाहणाऱ्याला वाटतं, यंत्र बिघडलंय, म्हणून काहीबाही आकडा येतोय. पण हा आकडा काहीबाही नाही. काय तुटलंय आणि कुठे, याचा माग त्यातच आहे. बिघडलेली वस्तू इतकं नेमकं सांगू शकते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पुढच्या बंपरच्या मागे, हवेच्या वाटेत, दोन तारांचा एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या पोटात असतो थर्मिस्टर, म्हणजे मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडांची भट्टीत भाजलेली गोळी. तांब्याची तार तापली की विजेला जास्त अडवते. ही गोळी उलटी वागते. तापली की तिच्यातले विद्युतभार अधिक सहज हलू लागतात आणि रोध घटतो. हे उलटं वागणं मायकेल फॅरडेनं १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडवर प्रयोग करताना टिपलं होतं. आजच्यासारखी मोटारगाडी तेव्हा नव्हती. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका थर्मिस्टरचा रोध २५ अंशांना १०,००० ओहम असतो. १० अंशांच्या थंडीत तो दुप्पट होतो आणि नागपूरच्या ४५ अंशांत साडेचार हजारांच्याही खाली उतरतो.

गाडीच्या कंप्युटरला ऊन-थंडी कळत नाही. तो एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट सोडतो, थर्मिस्टरवर किती व्होल्ट पडले ते मोजतो आणि त्यावरून अंश काढतो. आता तार तुटली, तर वीज वाहतच नाही आणि मोजणाऱ्याला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. रोध अमर्याद, म्हणजे थंडीही अमर्याद! मग तो आपल्या कोष्टकातला सगळ्यात थंड आकडा दाखवतो, आणि पुष्कळ गाड्यांत तो उणे ४० असतो. (काही गाड्या असा आकडा अमान्य करून नुसत्या रेघा दाखवतात.) बाहेर गोठवणारी थंडी असेल तर एसीचा कंप्रेसर चालवायचा नाही, असा नियम त्याला घालून दिलेला असतो. तो नियम पाळला जातो आणि माणसं घामाघूम होतात.

तपासणीची रीत याच तर्कातून निघते आणि मला ती फार सुंदर वाटते. सेन्सरचा कनेक्टर काढायचा: आकडा थंडीच्या टोकाला जायला हवा. मग वायरिंगकडच्या कनेक्टरची दोन टोकं छोट्या तारेनं जोडायची: आकडा उष्णतेच्या टोकाला पळायला हवा. दोन्ही टोकं गाठली, तर वायरिंग आणि कंप्युटर ठणठणीत आहेत, दोष सेन्सरमध्ये. आकडा हललाच नाही, तर नवा सेन्सर आणून उपयोग नाही. दोष तारांत किंवा कंप्युटरमध्ये शोधावा लागेल. काही गाड्या बाहेरचा आकडा मुद्दाम सावकाश बदलतात, म्हणून गाडीच्या कंप्युटरला जोडायच्या स्कॅनरवर थेट व्होल्ट पाहिलेले बरे. ही जोडाजोड फक्त या दोन तारांच्या सेन्सरपुरती. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला चुकूनही हात लावू नये.

खरा कस लागतो तो अर्धवट बिघाडात. पावसाळ्यात बंपरमागे पाणी उडतं, कनेक्टरच्या पिना हिरवट पडतात आणि वाटेत, समजा, २,००० ओहमचा जादा रोध येऊन बसतो. जादा रोध म्हणजे जादा थंडी, त्यामुळे असा गंजलेला कनेक्टर खऱ्यापेक्षा थंडच आकडा दाखवणार. त्यातही डिसेंबरच्या पहाटे मूळचाच रोध २०,००० असतो. त्यात दोन हजारांची भर पडली तरी फरक जेमतेम दोन अंशांचा. कुणाच्या लक्षातही येत नाही. मे महिन्यात तेच दोन हजार साडेचार हजारांत मिसळतात आणि ४५ अंशांचे ३६ होतात! दोष तोच, तेवढाच. हिवाळाभर दडून बसलेला, उन्हाळ्यात उघडा पडलेला.

असा दोष पकडायला उन्हाळ्यात गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवावी आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी स्कॅनरवर सगळे आकडे वाचावेत: बाहेरची हवा, केबिन, एसीची कूलिंग कॉइल, इंजिनचा कूलंट. रात्रभरात सगळे एकाच तापमानाला आलेले असतात, दोन-तीन अंशांचा फरक चालतो. एखादा त्यातून फुटून निघाला, तर मल्टिमीटर आधी तिथे लावायचा.

केबिनचा सेन्सर मात्र या परीक्षेत पास होऊनही दिवसभर चुकू शकतो. डॅशबोर्डवरच्या बारीक जाळीमागे तो बसतो आणि केबिनमधली हवा त्याच्यापर्यंत एक चिमुकला पंखा किंवा नळी ओढून आणते. ती वाट धुळीनं बुजली, की तो डॅशबोर्डच्या पोटातलीच तापलेली हवा मोजत राहतो आणि एसी थंडावा वाढवतच जातो. ब्लोअर चालू करून टिशू पेपरचा कपटा त्या जाळीला लावून पाहावा. जाळीनं तो धरून ठेवला, तर हवा ओढली जातेय. तो गळून पडला, तर मल्टिमीटर बाजूला ठेवून आधी धूळ काढायला घ्यावी.