पर्यावरणस्नेही वस्तू लोक का घेतात?

दुकानात दोन दिवे शेजारी ठेवले आहेत अशी कल्पना करा. एक 60 वॅटचा, तारेचा. दुसरा 9 वॅटचा, एलईडी. उजेड जवळजवळ सारखाच, पण एलईडीची किंमत जास्त. तरीही लोक तोच का घेतात?

आपण हिशोब करू. दिवा रोज 5 तास लावला, तर वर्षाला पहिल्याला 109.5 युनिट वीज लागते, दुसऱ्याला सुमारे 16.4. युनिटचा दर 8 रुपये धरला, तर सुमारे 744 रुपये वाचतात. पहिल्या दिव्यातील तार सुमारे 2500 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, तेव्हा कुठे उजेड पडतो. बहुतेक वीज उष्णतेत जाते. एलईडीत असे काही तापवावे लागत नाही. म्हणजे पहिले कारण बचत. मात्र ज्याच्या हाती आज पैसे नाहीत, त्याला वर्षाअखेरच्या बचतीचा काय उपयोग? म्हणून 2015 पासून ‘उजाला’ योजनेत सरकारने घाऊक खरेदी करून हे दिवे स्वस्तात दिले.

दुसरे कारण विश्वास. 2006 साली विजेच्या उपकरणांसाठी ताऱ्यांचे लेबल सुरू झाले. फ्रिजवरचे असे लेबल वाचा. वर्षाला किती युनिट लागतील तेही त्यावर छापलेले असते. त्याआधी, 1991 साली, ‘इकोमार्क’ हे चिन्ह निघाले होते. त्यात मातीचे मडके आहे. तुमच्यापैकी किती जणांनी ते पाहिले आहे? तारे आपल्या वीजबिलाविषयी सांगतात, मडके सर्वांच्या हवापाण्याविषयी. आणि जे सर्वांचे, त्याची काळजी दुसरा कोणी घेईल, असे प्रत्येकालाच वाटते!

तिसरे कारण सवय. पेटीच्या सौर चुलीत वरणभात छान शिजतो, इंधन फुकट. तरी ती घरोघर का नाही? भर उन्हात अंगणात जावे लागते, आणि आपल्या नगरकडची बाजरीची भाकरी भाजायला तवा जितका तापावा लागतो, तितकी ती पेटी तापत नाही.

आता शिर्डीला चला. साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर 2009 साली 73 अंतर्गोल परावर्तक बसवले गेले. सूर्याचे किरण एका जागी एकवटून ते पाण्याची वाफ करतात आणि ती वाफ नळांतून खाली स्वयंपाकघरात येते. आचाऱ्याला उन्हात जावे लागत नाही. ऊन तेच, पण येथे माणसाने सवय बदलली नाही, यंत्राने माणसाची सवय ओळखली.

निसर्गावरील प्रेमापोटी खरेदी करणारेही असतात. परंतु ते प्रेम सर्वांच्या हातून घडावे असे वाटत असेल, तर वस्तू परवडणारी, खात्रीची आणि सोयीची हवी.

करून पाहा: शेजारच्या दहा घरी विचारा, ‘एलईडी दिवा का घेतला?’ उत्तरांचे तीन रकाने करा: बचत, विश्वास, सवय. चौथा रकाना निसर्गासाठी ठेवा. कोणता रकाना आधी भरतो ते पाहा आणि त्यावर वर्गात चर्चा करा.