आवाज जातो कुठे?

मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकचा आवाज किती ठेवायचा हे फेडर ठरवतो, तो कुठे पाठवायचा हे राउटिंग. फेडर डोळ्यांसमोर असतो. राउटिंग मात्र बहुधा एखाद्या लहानशा बटणामागे दडलेले असते. ट्रॅकचा मीटर नाचतो आहे आणि स्पीकर गप्प, असे झाले की आधी तिथेच पाहावे.

नवा ट्रॅक उघडला की तो आपोआप मास्टरला जोडला जातो आणि मास्टर ऑडिओ इंटरफेसच्या १ व २ क्रमांकांच्या आउटपुटला. घरी एकट्याने गाणे मिक्स करताना एवढे पुरते. गायिका माइकसमोर उभी राहिली की पुरत नाही. तिला हेडफोनमध्ये तबला ठळक हवा असतो, रेकॉर्डिस्टला स्पीकरवर वेगळाच तोल. म्हणून चार आउटपुटचा इंटरफेस घेऊन ३ व ४ हेडफोनसाठी राखतात आणि प्रत्येक ट्रॅकवरून तिकडे ‘सेंड’ काढतात.

हा सेंड फेडरच्या आधीचा, म्हणजे प्री-फेडर असावा. पोस्ट-फेडर ठेवला तर रेकॉर्डिस्टने तबल्याचा फेडर खाली ओढताच गायिकेच्या कानातला ठेकाही नाहीसा होतो. रिव्हर्बचे याउलट. तिथे पोस्ट-फेडरच बरा. नाहीतर मूळ आवाजाचा फेडर खाली ओढला तरी त्याचा घुमारा मागे रेंगाळतो.

अनेक ट्रॅक एका बसमध्ये एकत्र करताना एक चूक हमखास होते. रीपर या मिक्सिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवरून बसला सेंड काढला, तरी त्याची मास्टरकडे जाणारी वाट चालूच राहते. त्या वाटेची खूण स्वतः काढावी लागते. ती राहिली तर तोच आवाज दोन वाटांनी पोहोचतो. दोन्ही वाटा तंतोतंत सारख्या असल्या तर पातळी ६ डेसिबलने चढते. एकीवर किंचित उशीर झाला तर आवाज पोकळ वाटू लागतो.

आउटपुटच्या यादीत ३ आणि ४ दिसतच नसतील, तर दोष मिक्सरचा नसून बहुधा ड्रायव्हरच्या मांडणीचा असतो. विंडोजवर इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर निवडावा लागतो. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये पहिले आणि शेवटचे आउटपुट कोणते हेही ठरवायचे असते. ते २ वर थांबलेले असेल तर पुढचे आउटपुट वापरताच येत नाहीत.

५.१ सराउंडमध्ये क्रमाचा घोळ होतो. एका पद्धतीत डावा, उजवा, मधला, एलएफई (खर्जाचा चॅनेल), मागचा डावा, मागचा उजवा असा क्रम. चित्रपटांच्या प्रचलित क्रमात डावा, मधला, उजवा, मग मागचे दोन आणि शेवटी एलएफई. चित्रपटाच्या क्रमातली फाइल पहिल्या पद्धतीने वाजवली, तर संवाद उजव्या स्पीकरमधून येतात आणि स्फोटाचा खर्ज मागच्या उजव्या स्पीकरवर आदळतो. यावर उपाय कंटाळवाणा, पण खात्रीचा: एकेका चॅनेलला पिंक नॉइज देऊन तो कुठून येतो ते ऐकणे.

शेवटी फाइल काढताना नेहमीच्या पद्धतीत मास्टरवरून जाणारेच उतरते. ढोलकीवाल्याला थेट ३ क्रमांकावर दिलेला क्लिक त्यात येत नाही, हे सोयीचेच. पण हेडफोनचा सूर सुधारणारा प्लगइन मास्टरवर बसवला असेल, तर तो फाइलमध्ये उतरतो. ते टाळण्यासाठी रीपरमध्ये मॉनिटरिंगच्या इफेक्टची वेगळी जागा आहे.