उन्हातील वाटचाल आणि मीठ

१२ मार्च १९३० रोजी सकाळी महात्मा गांधी सुमारे ८० सत्याग्रहींसह साबरमती आश्रमातून पायी निघाले. दांडीचा समुद्रकिनारा तेथून सुमारे ३८५ किलोमीटर दूर होता. गांधीजींना तेव्हा एकसष्टावे वर्ष चालू होते. पहिल्या दिवशी असलालीपर्यंत सुमारे २१ किलोमीटरांची मजल झाली. पुढे नडियाद, आणंद, भडोच, सुरत, नवसारी अशी गावे मागे टाकीत ५ एप्रिलला ही तुकडी दांडीस पोहोचली. या यात्रेचे राजकीय महत्त्व सर्वश्रुत आहे. परंतु गुजरातच्या फाल्गुन-चैत्रातील उन्हात माणूस इतके दिवस कशाच्या बळावर चालू शकतो, हा प्रश्न शरीरशास्त्राचा आहे. आणि त्याचे उत्तर शोधू लागल्यास वाट पुन्हा मिठापाशीच येते.

चालणारे शरीर ही एक पेटती भट्टीच होय. साठ किलो वजनाचा मनुष्य सपाट रस्त्यावर ताशी पाच किलोमीटर वेगाने चालू लागला, की त्याच्या शरीरात तासाला सुमारे २०० किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. ही सर्व उष्णता आतच साठून राहिली, तर तासाभरात शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसवरून सुमारे ४१ अंशांपर्यंत चढेल. थंडीच्या दिवसांत ती त्वचेवरून भोवतालच्या हवेत सहज निघून जाते. परंतु हवा त्वचेहून अधिक तापली, म्हणजे तिचे तापमान सुमारे ३५ अंशांपलीकडे गेले, की हा ओघ उलटतो. मग हवा, जमीन आणि सूर्य हे तिघेही शरीरासच उष्णता देऊ लागतात. अशा वेळी एकच मार्ग उरतो, तो घामाचा.

एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे केवळ चालण्याची उष्णता घालविण्यास तासाला एक तृतीयांश लिटर घाम पुरेल. भर उन्हात मात्र हे प्रमाण सहज दुप्पट होते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. गारवा मिळतो तो घाम येण्याने नव्हे, तर घाम वाळण्याने. कोरड्या हवेत माठातील पाणी चांगले गार होते, दमट हवेत तितके होत नाही. शरीराचेही तसेच आहे. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम नुसता ओघळून जातो, पाणी तेवढे खर्ची पडते आणि ताप उतरत नाही.

दांडीयात्रेचा दिनक्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. चालणे सकाळी आणि सायंकाळी होई. दुपारचा वेळ एखाद्या गावी विसाव्यात जाई. सोमवारी मुक्काम असे. सुती खादीचे सैल कपडे घाम वाळू देतात. शिवाय एकदोन आठवडे रोज उन्हात श्रम केले, की शरीर स्वतःच शहाणे होते. घाम लवकर सुटतो, अधिक येतो आणि त्यातील मीठ कमी होते. म्हणूनच नव्या वाटसरूने पहिल्या दिवसांत मजल लहान ठेवावी.

तरीही मीठ जातेच. एक लिटर घामाबरोबर साधारणतः दोन ते तीन ग्रॅम मीठ निघून जाते. व्यक्तीगणिक हे प्रमाण बदलते. दिवसभरात चार लिटर घाम गाळणाऱ्याची ही तूट आठ ते बारा ग्रॅमांवर जाते. ती न भरता नुसते पाणीच अतिप्रमाणात पीत राहिल्यास रक्तातील सोडियम विरळ होते. त्यातून डोकेदुखी व मळमळ सुरू होते, आणि पराकोटीला झटकेही येऊ शकतात. मीठ घातलेले ताक, पेज आणि नेहमीचे जेवण यांनी ही तूट सामान्यतः भरून निघते. मीठ मुद्दाम फार खाण्याचे कारण नाही.

उन्हात चालताना सोबत्याकडे लक्ष असावे. तो असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला आणि त्याचे अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी अंगास घाम आहे की नाही, यावर विसंबू नये. त्यास तत्काळ सावलीत आणून अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि वैद्यकीय मदत बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. येथे थोडाही विलंब जीवावर बेततो.

आता मिठावरील कराकडे पाहावे. घरात, सावलीत बसणाऱ्याच्या शरीरातून मीठ फारसे जात नाही. ते जाते नांगर धरणाऱ्याच्या, ओझी वाहणाऱ्याच्या आणि भर दुपारी कापणी करणाऱ्या स्त्रीच्या शरीरातून. ज्यांची मिळकत कमी, त्यांचीच गरज मोठी. म्हणून त्या कराचा भार गरिबांवर सर्वांत अधिक पडे. ६ एप्रिल १९३० रोजी सकाळी गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर खारट माती उचलली. तिच्यातील मीठ हे उन्हात राबणाऱ्या प्रत्येकाच्या घामातून रोज वाहून जाणारेच मीठ होते.